मूर्ती बुडते, साचा राहतो : स्टॉप-मोशनची पात्रं, सेट आणि आपला इतिहास

(भिवंडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समोर बसलेल्यांमध्ये विद्यार्थी बरेच दिसतायत. तुमच्यापैकी काहीजणांना यंदा स्टॉप-मोशनची छोटी फिल्म करायची आहे, आणि म्हणून पात्रं आणि सेट कसे घडतात यावर बोला, असं मला सांगितलं गेलं. मी इतिहासाचा माणूस. तार किती जाडीची घ्यावी हे तुमचे शिक्षक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी सांगणार आहे ते असं की, ही कामं आपल्या भागात आधी कुणी केली, कोणत्या सामानातून केली आणि त्यातलं आज काय उरलंय. त्यातून एक मुद्दा निघतो, तो शेवटी मांडतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. स्टॉप-मोशन म्हणजे निर्जीव वस्तू किंचित हलवायची, एक फोटो घ्यायचा, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो एकामागोमाग एक दाखवले की वस्तू स्वतःहून हलल्यासारखी दिसते. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. प्रत्येक स्थितीचे दोन-दोन फ्रेम घेतले तरी सेकंदाला १२ वेळा, मिनिटाला ७२० वेळा बाहुलीला हात लावावा लागतो. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी २,१६० वेळा. भिवंडीकरांना हे समजवायला फार कष्ट नकोत. मागावर कापड असंच होतं ना? बाण्याचा एकेक धागा जातो, फणी ठोकते, पुढचा धागा जातो. जवळून पाहिलं तर नुसते धागे, लांबून पाहिलं तर कापड.

आता सुरुवात करू दादासाहेब फाळक्यांपासून. पण ‘राजा हरिश्चंद्र’पासून नाही, त्याच्याही आधीपासून.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७०, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, छायाचित्रण, मूर्तिकाम, वास्तुरचना असं बरंच काही शिकले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं. कशासाठी? आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी. म्हणजे बघा, सिनेमा नावाची गोष्ट मुंबईत यायला अजून चार वर्षं होती आणि हा मनुष्य छोट्या प्रमाणात अख्खं नाट्यगृह बांधत होता. पुढे ते जादूचे प्रयोगही शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने करू लागले. छपाईचा व्यवसाय केला. मूर्तिकाम, प्रतिकृती, छायाचित्रण, छपाई आणि हातचलाखी. स्टॉप-मोशन करणाऱ्याला जे जे लागतं, ते जवळजवळ सगळं या यादीत आहे.

१९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला जाऊन आले, चित्रपट करायचं तंत्र पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. परत आले तेव्हा अडचण एकच, पैसे कोण देणार? चित्रपट म्हणजे काय हे ज्याला दाखवता येत नाही, त्याच्याकडून कर्ज कसं काढायचं? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोखला. महिनाभराहून अधिक काळ बी रुजताना, कोंब फुटताना, वेल चढताना त्यांनी टिपलं. ‘अंकुराची वाढ’ या नावाची ती मिनिटभराहून थोडी मोठी फिल्म. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केलं, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची वाट मोकळी झाली.

या गोष्टीत एक गंमत आहे. नेहमी असं सांगतात की फाळक्यांनी रोज एक फ्रेम घेतली. आपण हिशेब करून बघू. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या, तर मिनिटाला ९६० झाल्या. रोज एक घेतली तर महिन्यात ३०, म्हणजे पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. मिनिटभराची फिल्म हवी असेल तर दिवसाला तीसेक फ्रेम घ्याव्या लागतात. ‘रोज एक फोटो’ हे सांगायला सोपं आहे, पण प्रत्यक्षातलं काम त्याच्या कितीतरी पट आहे. सकाळचा उजेड, दुपारचा उजेड, ढग आले तर काय, कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागला तर काय, हे सगळं त्या कुंडीशेजारी घडलं असणार. आजही तुमच्या खोलीत हेच घडणार आहे. ही वनस्पती स्वतः वाढत होती, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर याला टाइम-लॅप्स म्हणतात, स्टॉप-मोशन नाही. पण दोन्ही सख्खी भावंडं आहेत. आणि माझ्यासाठी महत्त्वाचं हे की, भारतीय कथापटाला भांडवल मिळवून देणारं पहिलं पात्र वाटाण्याचं एक रोप होतं. त्याचा सेट होता एक कुंडी. त्या रोपाला चेहरा नाही, तरी बघणारा खिळून राहतो. कारण त्याला काहीतरी हवं आहे: त्याला वर जायचं आहे. तुमचं पात्र मातीचं असो की कागदाचं, आधी त्याला काय हवंय ते ठरवा. नाक-डोळे नंतर.

पुढे १९१४-१५ च्या सुमारास फाळक्यांनी खऱ्या अर्थाने स्टॉप-मोशन केलं. ‘आगकाड्यांची मौज’ ही आगपेटीतल्या काड्यांची करामत, ‘लक्ष्मीचा गालिचा’ ही नाण्यांची. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं, पैशांची ओढाताण, मोठ्या चित्रपटाचं काम अडलेलं. अशा वेळी माणूस घरात जे आहे ते घेतो. काड्या स्वस्त, सगळ्या सारख्या आकाराच्या, टेबलावर सपाट पडतात, जागच्या हलत नाहीत. नाणीही तशीच. मी तर म्हणेन की हा निव्वळ नाइलाज नव्हता, यात सामानाची पारख होती. उभी बाहुली पडते, तोल सांभाळावा लागतो. काडी पडूच शकत नाही, कारण ती आधीच आडवी आहे. पहिल्यांदा फिल्म करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: सामानाला जे सहज जमतं ते त्याच्याकडून करून घ्यावं.

या फिल्म आज आपल्याला बघता येत नाहीत. त्या काड्यांनी नेमकं काय केलं, कोणते आकार घेतले, हे कुणी लिहून ठेवलेलं आपल्या हाती नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून जास्त चित्रपट झाले, उरले ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच उरलेत. पण फाळक्यांनी दोन गोष्टी अशा केल्या की ज्यांच्यामुळे त्यांचं कामाचं टेबल आपल्याला थोडंफार दिसतं. १९१७-१८ मध्ये त्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. आणि १९१७ च्याच सुमारास चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक छोटी फिल्म केली. तिचे काही तुकडे शिल्लक आहेत. त्यांत फाळके स्वतः काम करताना दिसतात. विचार करा, देशात चित्रपट-व्यवसाय जेमतेम चार-पाच वर्षांचा आहे आणि हा मनुष्य स्वतःच्या कामाची नोंद ठेवतोय.

आणि इथे सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव घेतलंच पाहिजे. तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडेला छिद्रं पाडायची असत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं, शूटिंगला आलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडे. पडद्यावर यातलं काही दिसत नाही. त्यांचं काम आपल्याला माहीत आहे ते घरच्यांनी आणि बरोबरच्यांनी सांगितलं म्हणून. सांगितलं नसतं तर तेही गेलं असतं.

एक किस्सा आपल्या ठाणे जिल्ह्यातला सांगतो. ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रण वांगणीजवळच्या गावात झालं. आपल्या कल्याण-कर्जत मार्गावरचं वांगणी. फाळके मागून येणार होते, मंडळी सामान घेऊन पुढे गेली. तलवारी, ढाली, भाले बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. पाटलाला वर्दी गेली, मंडळींची अडवणूक झाली, आणि फाळके येऊन सगळं समजावेपर्यंत सुटका झाली नाही, असं सांगतात. नाटकवाले ज्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, ती कशी असावी याचं यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र काय? लाकडाची तलवार गावाला खरी वाटली. कारण ती धरणाऱ्यांनी ती तलवारीसारखी धरली होती. बाहुलीच्या हातातली वस्तू वजनदार आहे की हलकी, हे रंगावरून कळत नाही. ती उचलताना खांदा किती वाकतो, यावरून कळतं.

आता सेटकडे येऊ. त्यासाठी कोल्हापूरला जावं लागेल.

बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, जन्म १८९०. ते आणि त्यांचे नातलग आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर. प्रेक्षक समोर एका जागी बसलेला असतो, त्यामुळे रंगवलेली खोली त्याला खरी वाटते. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. कॅमेरा जवळ गेला, बाजूला सरकला की कापड हे कापडच दिसतं. शिवाय पडद्यावर सावली रंगवलेली असते, आणि खऱ्या उन्हाची सावली दुसरीकडेच पडते. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत हे ओळखलं. रंगीत पडद्यांच्या जागी त्यांनी उभे, घनाकृती सेट आणले. वेशभूषेची, दृश्यांची रेखाटनं ते आधी स्वतः काढत. १९२० च्या ‘सैरंध्री’त कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की ते काढून टाकावं लागलं. ज्याने आयुष्यभर पडदे रंगवले, त्यानेच पडदा बाजूला केला. स्वतःच्या कसबाची मर्यादा त्याला ठाऊक होती.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल पुढे १९२९ च्या प्रभात फिल्म कंपनीत गेले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. तिथले सेट, ट्रिक-दृश्यं, ‘संत तुकाराम’मधलं वैकुंठाला नेणारं विमान, हे सगळं सुतार, रंगारी, मूर्तिकार यांच्या हातचं काम. त्याच प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ नावाचं चित्र काढून केलेलं कार्टूनही काढलं. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि चित्रपट जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ पासून पुण्यातच. फाळक्यांचा जो काही ठेवा आज आपल्याला बघता येतो, तो या संग्रहालयाने गोळा केला, म्हणून.

बाबूरावांचा धडा तुमच्या टेबलावरच्या सेटला जसाच्या तसा लागू पडतो. मागे छापील फोटो चिकटवला आणि पुढे मातीची बाहुली ठेवली, तर दोन्हींवरचा उजेड जुळत नाही. भिंत छोटी का होईना, बांधा. आणखी एक गोष्ट नाटकाच्या आणि सिनेमाच्या सेटमध्ये नसते, ती फक्त तुमच्या सेटमध्ये असते: तुमचा हात. ७२० वेळा तो आत जाणार आहे. म्हणून छत उचलता आलं पाहिजे, एक भिंत काढता आली पाहिजे, आणि जमिनीला बाहुलीचा पाय खालून स्क्रूने किंवा टाचणीने घट्ट बसवता आला पाहिजे. सुंदर सेट, पण हात जात नाही, असं झालं तर दुसऱ्या दिवशी सेट मोडावा लागतो.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातून आलेलं तंत्र. कॅमेरा आला, खरं आहे. पण बाहुलीच्या सांध्याची अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही प्रकार करत आले. चित्रकथी म्हणजे कागदावरची चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. कळसूत्री बाहुली नीट बघा. तिला सगळे सांधे नसतात. जी हालचाल गोष्टीला लागते, तेवढेच सांधे असतात. नव्या विद्यार्थ्याला वाटतं की बोटाच्या प्रत्येक पेराला तार हवी. पिंगुळीचा कलावंत विचारेल, हिला बोटांचं काम काय आहे? नमस्कार करायचा असेल तर खांदा आणि कोपर पुरे.

मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ करणारे. त्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या टिकल्या, आणि शंभरहून जास्त वर्षांनी रामदास पाध्यांनी त्यांना पुन्हा रंगमंचावर उभं केलं. फाळक्यांच्या आगकाड्या त्याहून कितीतरी अलीकडच्या, पण त्या नाहीत. लाकूड टिकतं आणि काडी टिकत नाही, एवढंच कारण नाही. बाहुल्या कुणीतरी जपण्यासारख्या मानल्या.

आणि घरचीच दोन उदाहरणं. एक, दिवाळीचा किल्ला. दगड, विटा, गोणपाट, वर चिखल, अळीव पेरून हिरवळ. लहानपणी ज्याने किल्ला केला त्याने सेट केलाच आहे. फक्त तिथे मापाची शिस्त नसते. सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा मोठे, पायथ्याचा मावळा छोटा, आणि वाघ दोघांहून मोठा. बघणाऱ्याला चालतं, कारण आपण मानाप्रमाणे माप लावतो. कॅमेऱ्याला चालत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी माप ठरवा. माणूस सहापट लहान केला तर दारही सहापट लहान, चहाचा पेलाही सहापट लहान. कापड मात्र फसवतं: शर्टाचं कापड बाहुलीच्या अंगावर गोणपाटासारखं जाड दिसतं, म्हणून तिथे मलमल लागते.

दुसरं उदाहरण गणपतीचं. रायगड जिल्ह्यातलं पेण. घरोघरी कारखाने, वर्षभर मूर्तिकाम. मूर्तिकार एक मूळ मूर्ती घडवतो, तिचा साचा काढतो, साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, डोळे मात्र हाताने आखले जातात. अनंत चतुर्दशीला मूर्ती पाण्यात जाते. त्याचं कुणाला दुःख होत नाही, किंवा होतं ते वेगळं. कारण साचा कारखान्यात फळीवर आहे. पुढच्या वर्षी लवकर या, हे आपण म्हणू शकतो ते साचा आहे म्हणून. स्टॉप-मोशनवाले बदलते चेहरे करतात, म्हणजे हसरं तोंड, रडकं तोंड, आ वासलेलं तोंड अशी वेगवेगळी तोंडं साच्यातून काढून आळीपाळीने बसवतात. पेणच्या कारागिराला यात शिकवण्यासारखं फार काही नाही.

जगात काय चाललं होतं, तेही थोडक्यात बघू. लाडिस्लाव्ह स्तारेविच नावाचा मनुष्य लिथुआनियातल्या कौनास इथल्या संग्रहालयात काम करत होता. १९१० मध्ये त्याला भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती, पण दिव्यांच्या उजेडात जिवंत किडे हलेचनात. त्याने मेलेल्या किड्यांना तारेचे पाय बसवले आणि एकेक फ्रेम हलवलं. काही प्रेक्षकांना खरंच वाटलं की किड्यांना शिकवून तयार केलंय. १९३३ चा ‘किंग काँग’: तो अजस्र वानर म्हणजे दीडेक फुटाची बाहुली. आत धातूचा सांध्यांचा सांगाडा, वर रबर आणि सशाचं कातडं. विलिस ओब्रायनच्या चमूची बोटं लागून केस प्रत्येक फ्रेमला विस्कटत, ते पडद्यावर आजही दिसतं. हा दोष, पण त्यामुळे तो जनावर श्वास घेतोय असं वाटतं.

विद्यार्थ्यांसाठी खरं उदाहरण निक पार्कचं. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय चित्रपट शाळेत १९८२ मध्ये त्याने ‘अ ग्रँड डे आउट’ हे विद्यार्थी म्हणून सुरू केलं. मुख्य पात्रं दोनच, वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट. फिल्म पुरी झाली १९८९ मध्ये, तीही आर्डमन या स्टुडिओच्या आधाराने. ग्रॉमिटला तोंडच नाही. सगळा अभिनय भुवईच्या जागी असलेल्या मातीच्या उंचवट्याचा आणि कानांचा. आणि याच आर्डमनच्या ब्रिस्टलमधल्या गोदामाला १० ऑक्टोबर २००५ रोजी आग लागली. वर्षानुवर्षं जपलेले सेट आणि बाहुल्या जळाल्या. गोदामाला आग म्हणजे काय, हे भिवंडीला सांगायला नको. चित्रपट उरले, पण ज्या वस्तूंनी ते केले त्यांतल्या पुष्कळशा गेल्या.

आपल्या जवळचं, अलीकडचं काम म्हणजे ‘टोकरी’. मुंबईतल्या स्टुडिओ ईकसॉरसमध्ये सुरेश एरियात यांनी केलेली ही स्टॉप-मोशन फिल्म. एका मुलीच्या हातून वडिलांचं जपून ठेवलेलं घड्याळ मोडतं, दुरुस्तीचे पैसे जमवायला ती रस्त्यावर टोपल्या विकायला निघते. गोष्ट एवढीच. पण ते छोटं घर, तो मुंबईचा रस्ता, ती गर्दी, सगळं हाताने बांधलेलं. पंधरा मिनिटांच्या आतबाहेरची फिल्म, काम कित्येक वर्षांचं. २०१७ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचा मान तिला आणि अभिषेक वर्मांच्या ‘फिश करी’ला मिळून मिळाला. मला यात आवडतं ते हे: पात्र मुंबईचं आहे, कारण तिची अडचण मुंबईची आहे. पाटीवर ‘मुंबई’ लिहून ते झालेलं नाही.

आता भिवंडी. तुम्ही कशाचा सेट करणार? जादूची गुहा करा, परग्रह करा, हरकत नाही. पण माझी एक विनंती आहे. यंत्रमागाच्या कारखान्याचा विचार करा.

कारण असं की तो कारखाना जातोय. जुने धोट्याचे माग वजनावर भंगारात निघतायत, जागेवर गोदामं उभी राहतायत. यावर चांगलं-वाईट बोलायला अर्थशास्त्राची माणसं आहेत. मी एवढंच म्हणतो की वीस वर्षांनी कुणाला विचारलं, मागाच्या खोलीत उजेड कसा होता, तर सांगणार कोण? छताला, पंख्याला, दिव्याला लटकलेले कापसाचे तंतू. दोन मागांमधून आडवं होऊन जावं लागेल इतकी अरुंद वाट. भिंतीवरचा देवाचा किंवा दर्ग्याचा फोटो, त्यावरही तूस. खिळ्याला अडकवलेला डबा. कांड्यांची पेटी. या गोष्टी सरकारी अहवालात येत नाहीत. सेट करणाऱ्याला मात्र त्या मोजाव्याच लागतात, त्याशिवाय सेट होतच नाही. इतिहासकार म्हणून मला तुमचा हेवा वाटतो तो इथेच.

पात्राचंही तसंच. मागवाला कसा उभा राहतो ते जाऊन बघा. आवाज इतका की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून इशारे. धागा तुटला की माग थांबवणं, वाकणं, दोन टोकं शोधणं, गाठ मारणं, पुन्हा सुरू. यात चेहऱ्याला काम नाही, सगळं काम मान आणि बोटांचं. म्हणजे या बाहुलीला बोटांचे सांधे लागतील. आता पिंगुळीच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे. आणि तो माणूस कोण आहे? उत्तर प्रदेशातून आलेला अन्सारी? पद्मानगरचा तेलुगू पद्मशाली? इथलाच आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान? लुंगी कशी गुंडाळतो, टॉवेल कुठे ठेवतो, यावरून ते कळलं पाहिजे. विचारून करा. ज्याची बाहुली करताय, त्याला एकदा दाखवा. तो हसला तर बरोबर, गप्प राहिला तर पुन्हा करा.

एक व्यवहाराची गोष्ट. शेजारी माग चालू असले की जमीन थरथरते. कॅमेरा आणि सेट एकाच टेबलावर किंवा एकाच फळीवर पक्के करा, म्हणजे थरथरले तर दोन्ही एकत्र. खिडकी बंद, दिवे एकच, आणि कामाच्या वेळी पांढरा शर्ट नको, त्याचा उजेड सेटवर पडतो.

आता तो शेवटचा मुद्दा. फाळक्यांचं रोप सुकलं, काड्या गेल्या, ‘सैरंध्री’चे सेट मोडले, ब्रिस्टलच्या बाहुल्या जळाल्या. वस्तू जाणारच. स्टॉप-मोशनची बाहुली तर वापरूनच झिजते, मातीला भेगा पडतात, तार आत तुटते. बाहुली कायमची राहावी असा हट्ट मी धरत नाही. आपण मूर्ती बुडवणारे लोक आहोत. पण साचा ठेवा. साचा म्हणजे नुसतं प्लास्टर नव्हे. पात्राचं पहिलं बिघडलेलं रेखाटन. सेटची मापं. कोणतं कापड, कुठून आणलं. कोणत्या मागवाल्याने काय सांगितलं, त्याची परवानगी घेऊन. कोणत्या फ्रेमला काय चुकलं. आणि कुणी काय केलं त्याची नावं, चहा आणणाऱ्यापासून. सरस्वतीबाईंचं काम सांगायला मागे माणसं होती, प्रत्येकाच्या नशिबी ती असतीलच असं नाही.

एक साधी वही पुरे. फिल्म झाली की तिची एक प्रत कॉलेजात ठेवा आणि एक गावातल्या वाचनालयात द्या. त्यांनी विचारलं हे काय आहे, तर सांगा, भिवंडीच्या एका खोलीची मापं आहेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांपासून सुरुवात करू या.